व्हॅनिलाच्या फुलाचे कुलूप उघडणारा एडमंड अल्बियस

लग्नसराई आली की आपल्याकडे जेवणानंतर आइस्क्रीमचे कप फिरू लागतात. मुलांची त्यावर झुंबड उडते. रंगीबेरंगी प्रकार कितीही असोत, साध्या पांढऱ्या व्हॅनिलाला मागणी असतेच. केक, बिस्किटे, कस्टर्ड यांना जो गोड मंद वास येतो तोही बहुधा व्हॅनिलाचाच. परंतु व्हॅनिला म्हणजे नेमके काय, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बरेच जण दुकानात मिळणाऱ्या अर्काच्या बाटलीकडे बोट दाखवतील. स्वस्त अर्क बहुतांशी कारखान्यात रासायनिक रीतीने तयार होतो, हे खरे. पण मुळात व्हॅनिला ही एका वेलीची शेंग आहे, आणि ही शेंग आज जगातील अनेक देशांत धरते ती एका बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधून काढलेल्या युक्तीमुळे. त्या मुलाचे नाव एडमंड.

मी भाषेचा शिक्षक. विज्ञानाशी माझा संबंध तसा बेताचाच. एकदा आमचे विज्ञान शिक्षक रजेवर असताना परागीभवनाचा धडा घेण्याची पाळी माझ्यावर आली. पुस्तकात होते तसे मी शिकवले. वारा, पाणी, कीटक, पक्षी हे पराग वाहून नेतात, असे फळ्यावर लिहून दिले. तास संपता संपता मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले की, ज्या फुलाकडे येणारा किडाच त्या गावात नसेल त्या फुलाने काय करावे? मला उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी सांगतो म्हणून मी वेळ मारून नेली आणि मग पुस्तके धुंडाळू लागलो. त्या शोधात मला एडमंडचे चरित्र सापडले. वर्गाला सांगितले तेच आज आपल्या सर्वांपुढे ठेवीत आहे.

परागाचे काम

प्रथम थोडे परागाविषयी. जास्वंदीच्या फुलाला बोट लावले तर बोटाला पिवळी भुकटी लागते. ती भुकटी म्हणजे धूळ नव्हे. ते परागकण होत. फुलातील पुंकेसराच्या टोकाला जो परागकोश असतो त्यात ते तयार होतात. स्त्रीकेसराचे टोक म्हणजे कुक्षी. ती किंचित चिकट असते. योग्य जातीचा परागकण कुक्षीवर पडला की त्यातून एक अतिसूक्ष्म नलिका फुटते. ती खाली खाली वाढत जाऊन अंडाशयातील बीजांडापर्यंत पोहोचते आणि तिच्यातून नरपेशी बीजांडाला मिळते. मग बीजांडाचे बी होते आणि अंडाशयाचे फळ. एका बीला एक परागकण, असा हा हिशेब आहे. फळात जेवढ्या बिया, तेवढे परागकण कामी आले असे समजावे.

आता अडचण अशी की वनस्पतीला पाय नाहीत. परागकण कुक्षीपर्यंत नेण्यासाठी तिला कोणाची तरी मदत लागते. मक्याचे आणि गवताचे पराग वारा नेतो. आंब्याच्या मोहरावर माश्या घोंगावतात त्या याच कामाच्या. भोपळ्याच्या वेलीवर नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या देठाशी इवलासा भोपळा अगोदरच दिसतो. पण मधमाशी फिरकली नाही तर तो भोपळा पिवळा पडून गळून जातो. म्हणून काही जाणते बागाईतदार सकाळी नर फूल तोडून त्याचे केसर मादी फुलाच्या कुक्षीवर हळूच घासतात. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढील साऱ्या कथेचे मूळ अशाच एका वेलीत आहे.

मेक्सिकोची वेल

व्हॅनिला ही ऑर्किडच्या कुळातील वेल. तिचे मूळ घर मेक्सिको. तेथील टोटोनॅक लोक तिच्या शेंगा पूर्वापार वापरीत असत. पुढे ॲझ्टेक राजांच्या पेयात कोकोबरोबर तिचा सुगंध मिसळला जाऊ लागला. १५१९ मध्ये स्पॅनिश सैन्य मेक्सिकोत उतरले, आणि त्यानंतर ही शेंग युरोपात पोहोचली. श्रीमंतांना तिने वेड लावले. साहजिकच युरोपियन लोकांनी शेंगेमागोमाग वेलही नेली. काचेच्या उबदार घरांत ती वाढवली, आपल्या उष्ण प्रदेशातील वसाहतींत लावली. वेल वाढली, फुलली. मात्र शेंग काही धरेना. जवळजवळ तीनशे वर्षे व्हॅनिलाचा व्यापार मेक्सिकोच्याच हाती राहिला.

याचे कारण फुलाच्या रचनेत होते. व्हॅनिलाचे फूल हिरवट पिवळे असते. ते पहाटे उमलते आणि दुपार कलली की मिटू लागते. त्या एका सकाळीत परागीभवन झाले तर ठीक, नाहीतर फूल गळून पडते. फुलाच्या आत पराग आणि कुक्षी अगदी जवळ जवळ असतात. पण दोहोंच्या मध्ये एक पातळ पडदा असतो, जिभेसारखा. फुलाचा पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडू नये, दुसऱ्या फुलाचा यावा, यासाठी निसर्गाने ही आडभिंत घातली आहे. शिवाय ऑर्किडचे पराग भुकटीसारखे सुटे नसतात, ते गोळ्याच्या रूपात चिकटलेले असतात. वाऱ्याने ते उडत नाहीत. मेक्सिकोच्या रानातील काही विशिष्ट मधमाश्या या फुलात शिरू शकतात आणि पराग पाठीवर घेऊन बाहेर पडतात. ही वेल जहाजात घालून समुद्रापार नेली, पण त्या मधमाश्या मागेच राहिल्या. कुलूप नेले आणि किल्ली घरी विसरली, त्यातलाच हा प्रकार.

१८३६ मध्ये बेल्जियममधील लिएज येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक शार्ल मोरॅन यांनी काचघरातील व्हॅनिलाच्या फुलांचे हाताने परागीभवन करून शेंगा मिळविल्या. त्यानंतर पॅरिसच्या उद्यानातही हे साधले. तेव्हा हाताने व्हॅनिलाची शेंग धरविणारा एडमंड हा जगातील पहिलाच माणूस, असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण प्राध्यापकांचे हे यश काचघरापुरतेच राहिले. मळ्यात हजारो फुलांवर झटपट करता येईल अशी सोपी रीत त्यातून निघाली नाही. ती रीत निघाली हजारो मैल दूर, हिंदी महासागरातील एका बेटावर.

बूर्बाँ बेटावरील पोरका मुलगा

मादागास्करच्या पूर्वेस रियुनियन नावाचे डोंगराळ बेट आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढे त्याचे क्षेत्रफळ. त्या काळी त्याला बूर्बाँ म्हणत आणि ती फ्रेंचांची वसाहत होती. उसाचे मोठमोठे मळे आणि त्यांवर राबणारे गुलाम, असे तेथील जीवन. आफ्रिकेचा किनारा आणि मादागास्कर येथून माणसे धरून आणून येथे विकली जात. गुलामाची मुले जन्मतःच गुलाम. त्यांना आडनाव नसे, स्वतःचे घर नसे, कामाचा मोबदला नसे.

या बेटावरील सँत-सुझान या गावी १८२९ साली एडमंडचा जन्म झाला. त्याची आई मेलीज त्याला जन्म देतानाच वारली. वडिलांचे नाव पाम्फील. पण त्यांचा आधार या मुलाला लाभला नाही. पोरका एडमंड फेरेओल बेलिए-बोमाँ नावाच्या मळेवाल्याकडे वाढला. बेलिए-बोमाँ यांना झाडाफुलांचा मोठा छंद होता. बागेत फिरताना ते या लहानग्याला बरोबर घेत, झाडे दाखवीत, त्यांच्याविषयी बोलत. मुलगा मागे मागे फिरे आणि ऐकत राही. शाळेचे तोंड त्याने कधी पाहिले नाही. बाग हीच त्याची शाळा झाली. परंतु त्या बागेतही तो मालकाच्या मालकीचाच होता, हे विसरून चालणार नाही.

बेटावर व्हॅनिलाच्या वेली १८१९ नंतर आणल्या गेल्या होत्या. बेलिए-बोमाँ यांच्या बागेतही अशी एक वेल होती. वीसएक वर्षे ती वाढत होती, पण तिने एकही शेंग दिली नव्हती. शोभेची वेल म्हणून ती झाडावर चढली होती, एवढेच.

एके दिवशी मालकाने एडमंडला कलिंगडाच्या कुळातील एका वेलीची फुले दाखविली. नर फूल कोणते, मादी फूल कोणते, आणि एकाचा पराग दुसऱ्याला कसा लावायचा, हे करून दाखविले. धडा एवढाच होता. शेकडो मुलांना असे धडे मिळतात. ती तेवढ्यापुरते पाहतात आणि विसरून जातात. एडमंड विसरला नाही. जे भोपळ्या-कलिंगडाच्या फुलात आहे ते व्हॅनिलाच्या फुलातही कोठेतरी असलेच पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले. तो व्हॅनिलाची फुले उघडून पाहू लागला.

दोन शेंगा

१८४१ सालची गोष्ट. बेलिए-बोमाँ नेहमीप्रमाणे बागेत फेरी मारीत होते, एडमंड सोबत होता. चालता चालता त्यांची नजर व्हॅनिलाच्या वेलीवर गेली आणि ते थबकले. वेलीवर एक शेंग धरली होती. त्यांनी नवल व्यक्त केले तेव्हा एडमंडने सांगितले की या फुलाला पराग आपणच लावला. मालकाला ते पटले नाही. पोराची बडबड समजून ते पुढे निघून गेले.

दोनतीन दिवसांनी पाहतात तो पहिल्या शेंगेजवळ दुसरी शेंग! एडमंडने पुन्हा तेच सांगितले. या वेळी मात्र मालकाने त्याला करून दाखवायला लावले. मुलाने एक ताजे फूल घेतले. बांबूच्या बारीक काडीने आतला पडदा अलगद वर उचलला, आणि अंगठ्याच्या हलक्या दाबाने परागाचा गोळा कुक्षीवर टेकवला. झाले! काही क्षणांचे काम. त्यात सूक्ष्मदर्शक नव्हता, चिमटे नव्हते, काचघर नव्हते. एक काडी आणि एक अंगठा.

विद्यार्थी मित्रहो, ही कृती साधी दिसते म्हणून तिला कमी लेखू नका. फुलाच्या कोणत्या भागाला काय म्हणतात हे त्याला पुस्तकातून कळणे शक्यच नव्हते. परागाचा गोळा कोठे आहे, कुक्षी कोठे आहे, आणि मधला पडदा कोणत्या बाजूने उचलला म्हणजे फाटणार नाही, हे सारे त्याने निव्वळ डोळ्यांनी आणि बोटांनी शोधले. प्राध्यापक मोरॅन यांच्या प्रयोगाची वार्ता त्याच्या कानी आली असेल, हे संभवत नाही. एका वेलीवर शिकलेला धडा त्याने दुसऱ्या वेलीला लावून पाहिला. गणिताचा एक नमुना समजला की त्याच रीतीने दुसरे गणित सोडवावे, तसेच हे झाले. फरक एवढाच की येथे दुसरे गणित कोणी घातलेच नव्हते. ते त्याने स्वतःच मांडले.

फूल फळले की नाही हे कळायला वेळ लागत नाही. परागीभवन न झालेले फूल लवकरच गळते. झालेले फूल सुकले तरी देठाला चिकटून राहते. मग त्याच्या मागची हिरवी दांडी लांबू लागते. तीच शेंग. ती पक्व व्हायला आठनऊ महिने लागतात. तोडलेल्या हिरव्या शेंगेला वास नसतो. ती गरम पाण्यातून काढून, घाम आणून, उन्हात वाळवून, कित्येक आठवडे मुरवावी लागते. तेव्हा कोठे ती काळी होऊन दरवळू लागते. शेंग चिरली तर आत हजारो काळे बारीक ठिपके दिसतात. त्या बिया होत. एका बीला एक परागकण, हा मघाचा हिशेब येथे आठवावा. हजारो बियांसाठी हजारो परागकण एकाच वेळी पोहोचायला हवेत. म्हणूनच ऑर्किडचे पराग गोळ्याने असतात. अंगठ्याच्या एका दाबाने एडमंड ते सगळेच्या सगळे पोहोचवीत होता.

बेटाची भरभराट

ही बातमी बेटावर पसरली. इतर मळेवाले पाहायला येऊ लागले. मग एडमंडला या मळ्यावरून त्या मळ्यावर पाठविण्यात आले. तेथील गुलामांना तो ही हातोटी शिकवू लागला. बारा-तेरा वर्षांचा मुलगा मोठ्या माणसांचा गुरुजी झाला. या कृतीला फ्रेंच भाषेत एडमंडची कृती असेच नाव पडले.

पुढील आकडे बोलके आहेत. १८४८ साली बेटावरून सुमारे ५० किलो व्हॅनिला फ्रान्सला गेली. १८५८ साली सुमारे दोन टन, १८६७ साली सुमारे २० टन, आणि १८९८ साली सुमारे २०० टन. एके काळी मेक्सिकोची असलेली मक्तेदारी या चिमुकल्या बेटाने मोडली. तेथून हे पीक आणि ही हातोटी मादागास्करला गेली, शेजारच्या इतर बेटांवर गेली. मळेवाले श्रीमंत झाले, व्यापारी श्रीमंत झाले. एडमंडच्या वाट्याला काय आले, ते आता पाहू.

सुटका, तुरुंग आणि साक्ष

१८४८ साली फ्रान्सने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली. त्याच वर्षी बूर्बाँ बेटाचे नावही रियुनियन झाले. २० डिसेंबर रोजी बेटावरील साठ हजारांवर गुलाम मोकळे झाले. एडमंडलाही त्या वर्षी स्वातंत्र्य मिळाले. स्वतंत्र माणसाला आडनाव हवे, म्हणून त्याला अल्बियस हे आडनाव मिळाले. लॅटिन भाषेतील शुभ्र या अर्थाच्या शब्दावरून ते घेतले असे मानतात. नुकसान झाले म्हणून सरकारने भरपाई दिली ती मालकांना. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या फुकट राबून घाम गाळला त्यांना काहीच मिळाले नाही.

एकोणीस वर्षांचे एडमंड अल्बियस आता मोकळे होते. पण हाती पैसा नाही, जमीन नाही, अक्षरओळख नाही. ज्या शोधावर बेट श्रीमंत होत होते त्या शोधाचा त्यांना एक पैसाही मिळाला नव्हता. ते सँ-दनी या राजधानीच्या शहरी गेले आणि एका घरी स्वयंपाकघरात नोकर म्हणून राहिले. तेथे दागिन्यांच्या चोरीच्या एका प्रकरणात ते सापडले आणि त्यांना पाच वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. त्यांच्या आयुष्यातील हा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही. चरित्र म्हणजे केवळ गौरव नव्हे.

या कठीण वेळी दोन माणसे त्यांच्या मागे उभी राहिली. एक त्यांचे जुने मालक बेलिए-बोमाँ, आणि दुसरे स्थानिक न्यायाधीश मेझिएर लेपेरवाँश. लेपेरवाँश यांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. ज्या माणसामुळे या वसाहतीला एक नवा उद्योग मिळाला त्याच्यावर दया दाखविली पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. अर्ज मान्य झाला आणि सुमारे तीन वर्षांनी एडमंड सुटले.

पुढे आणखी एक संकट आले, आणि ते तुरुंगापेक्षा कमी नव्हते. बेटावरील सरकारी उद्यानाचे प्रमुख राहिलेले वनस्पतिशास्त्रज्ञ रिशार यांनी असा दावा केला की व्हॅनिलाच्या परागीभवनाची रीत मूळ आपली. १८३८ साली आपणच ती बेटावरील लोकांना दाखविली होती, आणि हा मुलगा तेथे असेल, त्याने ती पाहिली असेल. एका बाजूला नामवंत विद्वान, दुसऱ्या बाजूला तुरुंगातून सुटलेला, लिहिता-वाचता न येणारा माजी गुलाम. लोक कोणावर विश्वास ठेवणार? एडमंड यांना स्वतःचे म्हणणे दोन ओळींत लिहून मांडणेही शक्य नव्हते.

पुन्हा बेलिए-बोमाँ पुढे आले. १८६१ मध्ये त्यांनी बेटाच्या इतिहासाची नोंद ठेवणाऱ्या एका अभ्यासकाला सविस्तर पत्र लिहिले. रिशार हे त्यांचे जुने स्नेही होते. स्नेह्याला दुखवणे त्यांच्या जिवावर आले होते. तरी एडमंडच्या बाबतीत आपले एक कर्तव्य आहे, असे मानून त्यांनी घडले ते सारे मांडले. त्यांचा सवाल सरळ होता. १८३८ मध्येच जर ही रीत बेटावर शिकविली गेली होती, तर १८४१ पर्यंत एकाही मळ्यावर शेंग का धरली नाही? आणि एडमंडने रीत दाखविताच सारे मळे का फळू लागले? या युक्तिवादाला उत्तर नव्हते. आज जग या शोधाचे श्रेय एडमंड अल्बियस यांनाच देते, ते मुख्यतः या साक्षीमुळे.

बेलिए-बोमाँ यांच्याविषयी माझ्या मनात दोन भावना आहेत. एका माणसाला त्यांनी आपली मालमत्ता म्हणून बाळगले, हा त्या काळाचा आणि त्यांचाही दोष. पण सत्य सांगण्याची वेळ आली तेव्हा मैत्री, प्रतिष्ठा आणि वर्णाचा अभिमान बाजूला ठेवून त्यांनी खरी साक्ष दिली, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी मुलांना सांगाव्यात असे मला वाटते.

१८६३ च्या सुमारास बेटावरील चित्रकार आंत्वान रूसॅ यांनी एडमंड यांचे चित्र छापले. त्यात ते नीटनेटक्या पोषाखात, व्हॅनिलाच्या वेलीसह दिसतात. चित्र निघाले, पण पोटाची सोय झाली नाही. त्यांना सरकारने काही वेतन बांधून द्यावे, अशी विनंती झाली होती. तिला कधी उत्तर मिळाले नाही. ९ ऑगस्ट १८८० रोजी सँत-सुझान येथील सार्वजनिक इस्पितळात, अत्यंत गरिबीत, त्यांचे निधन झाले. त्यांचे वय पन्नाशीच्या आसपास होते. स्थानिक वृत्तपत्राने त्यांच्या मृत्यूची बातमी देताना या उपेक्षेची नोंद केली. त्यांच्या मृत्यूच्या वेळी बेटावरून टनावारी व्हॅनिला जहाजांत चढत होती.

आजही तीच काडी

आज सर्वांत जास्त व्हॅनिला मादागास्करमध्ये पिकते. आपल्या देशातही केरळ, कर्नाटक या बाजूला काही शेतकरी ती लावतात. मोसमात मळ्यातील स्त्री-पुरुष भल्या पहाटे निघतात. हातात एक काडी किंवा काटा, तोच पडदा उचलणे, तोच अंगठ्याचा दाब. सवयीचा हात असला तर एका दिवसात हजारापर्यंत फुले होतात. एका घोसातील सगळी फुले फळवीत नाहीत. वेल थकू नये म्हणून आठदहाच निवडतात. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, विज्ञान कोठल्या कोठे गेले, पण मळ्यात अजून यापेक्षा बरी रीत रुळलेली नाही. म्हणूनच खरी व्हॅनिला इतकी महाग असते. तिच्या प्रत्येक शेंगेला माणसाचा हात लागलेला असतो. सँत-सुझानमध्ये आता एडमंड अल्बियस यांचा पुतळा आहे, त्यांच्या नावाचा रस्ता आहे. जिवंतपणी जे द्यायला हवे होते ते मेल्यावर दगडात दिले, असे म्हणावे लागते.

माझ्या वर्गातील त्या मुलाला मी हे सारे सांगितले. किडा नसेल तर फुलाने काय करावे, हा त्याचा प्रश्न. उत्तर असे की फूल काहीच करू शकत नाही; पण जवळ एखादे पाहणारे मूल असले तर ते करू शकते. मुले बराच वेळ गप्प होती. मग एकाने विचारले की, एडमंडला लिहिता येत असते तर? मला वाटते, हाच या चरित्रातील खरा प्रश्न आहे. बुद्धी त्याच्याकडे होती, निरीक्षण होते, हातात कसब होते. नव्हते ते स्वतःचे नाव स्वतःच्या कामाखाली लिहिण्याचे सामर्थ्य. त्याचा शोध टिकला तो दुसऱ्याच्या पत्राच्या आधारावर. ते पत्र लिहिणारा सज्जन निघाला नसता तर आज एडमंडचे नावही उरले नसते. अशी किती नावे उरली नसतील, कोण जाणे.

विद्यार्थी मित्रहो, पाहायला शिका, आणि पाहिलेले वहीत लिहून ठेवायला शिका. डोळे आणि लेखणी यांची जोडी तुमच्याजवळ आहे. एडमंडजवळ त्यातील एकच होते.

आणि पालक बंधु-भगिनींनो, आपल्याला एकच सांगणे आहे. बागेत पहिली शेंग धरली तेव्हा त्या मुलाने खरे तेच सांगितले होते, पण मोठ्या माणसाने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. दुसरी शेंग धरली म्हणून बरे. आपली मुले शेतातून, परसातून, वर्कशॉपमधून येऊन काहीबाही सांगत असतात. हे मी केले, ते मी जोडले, असे झाले, तसे झाले. दिवसभराच्या कष्टाने आपण थकलेले असतो, आणि आपण पुढे निघून जातो. तेवढे करू नये. पहिल्याच शेंगेपाशी क्षणभर थांबावे आणि मुलाला म्हणावे की, दाखव पाहू कसे केलेस ते.